पंख्याचा बुश सरकला. बदलता हब घ्यावा का? (खाडीत होडी चालवणाऱ्यांसाठी)

ऐरोलीचा_हौशी | 11 नोव्हेंबर, रात्री 10:52

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

माझी 18 फुटी फायबरची होडी आहे, मागे 40 एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन). होडी दिवाळ्याला असते, मी ऐरोलीला. मासेमारी हा धंदा नाही, रविवारचा नाद. मी, माझा आतेभाऊ, दोन गळ आणि जिताडा लागेल ही आशा. जिताडा बहुतेक वेळा लागत नाही.

गेल्या रविवारी वाशी पुलाच्या खांबांशी बसलो होतो. ओहोटी लागून तास झाला, म्हणून नांगर उचलला आणि निघालो. शंभर फूट गेलो नसू, खालून ठक्क असा एकच आवाज आला. इंजिन बंद पडलं नाही. म्हटलं वाचलो. पण थ्रॉटल दिला की इंजिन ओरडायचं आणि होडी जागच्या जागी, गाळात बसलेल्या म्हशीसारखी. थ्रॉटल अगदी कमी केला की मात्र चालायची.

तसेच रांगत आलो. मोठ्या खाडीत ओहोटीनेच ढकललं, पण पनवेल खाडीकडे वळल्यावर तीच ओहोटी तोंडावर आली. दिवाळ्याला पोचेपर्यंत धक्क्याशी पाणी उरलं नव्हतं. शेवटचे पन्नास पावलं गुडघाभर गाळातून. आतेभावाची एक चप्पल अजून तिथेच आहे.

पंखा काढला. एका पातीला टवका, बाकी ठीक. आतल्या रबराला हाताने पिळ देऊन बघितला तर काहीच हलत नाही, पण मेकॅनिक म्हणतो बुश (तेच आतलं रबर) सरकला. एक दुकानदार म्हणतो नवा पंखाच घ्या. दुसरा म्हणतो आता बदलता येणारे हब (पंख्याचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) मिळतात, नुसतं किट घ्या, नव्या पंख्याच्या पाव किमतीत काम होईल. कोणी वापरलंय का? आपल्या गाळाच्या खाडीत टिकतं का?

वाचनमात्र_बंदर | 11 नोव्हेंबर, रात्री 11:20

पहिला प्रश्न. पंख्याला पिशवी गुंडाळलेली नव्हती ना? आपल्या खाडीत दहातले आठ 'बुश सरकले' हे दुधाच्या पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे निघतात. इंजिन वर उचलून पाहिलं होतं का?

ऐरोलीचा_हौशी | 11 नोव्हेंबर, रात्री 11:31

उचललं होतं हो. पिशवी नव्हती. पण आज पंखा काढल्यावर मागे शाफ्टवर तंगुसाचे (गळाच्या नायलॉन दोरीचे) तीन-चार वेढे निघाले, ते आधीचे असावेत.

शांत_सुकाणू | 12 नोव्हेंबर, सकाळी 6:05

ते तंगूस आधी महत्त्वाचं, हब नंतर. शाफ्टचं सील तिथेच मागे असतं. तंगूस आवळत जाऊन ते सील कापतं आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू सैल करून चार थेंब ऑइल बोटावर घ्या. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पंखा राहू द्या बाजूला, सील बदलून घ्या.

आता बुश. (मी जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता नेरूळला निवृत्त. ओबीएम म्हणजे आमच्या दृष्टीने खेळणं, पण नातवासाठी घेतलं आणि आता नातू येत नाही, मीच जातो.)

पंख्याच्या आत पितळेची एक बाही असते, तिला आतून स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या खाचांत बसणारे, दाते. बाहीवर रबर चिकटवलेलं. हे रबर पंख्याच्या नळीपेक्षा जाड असतं आणि प्रेसवर दाबून आत कोंबलेलं असतं. इंजिनाची सगळी ताकद त्या रबराच्या पकडीवरून पातींकडे जाते. खिळा नाही, चावी नाही, नुसती पकड. ती सुटली की बाही फिरते आणि पंखा मागे राहतो. हाताने पिळून कधीच कळणार नाही, तुमच्या मनगटात 40 घोडे नाहीत.

खात्री करायची तर रेघ मारा. पितळी बाहीच्या कडेपासून रबरावरून थेट बाहेरच्या ॲल्युमिनियमपर्यंत, ऑइल पेंटने, एक सरळ रेघ. पंखा चढवा, धक्क्याला दोन दोर बांधून जरा जोर देऊन पाहा, पुन्हा काढा. रेघ तुटलेली दिसली तर बुश गेला.

आकड्यातही दिसतं. तुमच्या मशीनचं गिअर 2:1 आणि पंख्याचा पिच (एका फेऱ्यात कागदावर पुढे जायचं अंतर) 11 इंच धरू. इंजिन 4500 वर असेल तर पंखा मिनिटाला 2250 फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्याला 11 इंच म्हणजे ताशी साधारण 38 किलोमीटर, कागदावर. पाण्यात घसर असतेच, भरलेल्या होडीला त्यातला पाव हिस्सा किंवा थोडा जास्तही जातो. पण मोबाईलवर जीपीएस 6 दाखवत असेल तर ती घसर पाण्यातली नाही, रबरातली आहे.

दिवाल्याचा_पोर | 12 नोव्हेंबर, सकाळी 9:40

दादा तुमची होडी मी बगितली त्या दिवशी, निली पट्टीवाली ना. चप्पल मिलाली हाय, जाळ्यांच्या शेडमदी ठेवलीय.

आमचे कडं कुणी नवीन पंखा घेत नाय. बुश गेला की टर्नरकडं न्यायचा, दाबून आनायचा. माझे आज्याचा पंखा तीन वेला दाबलाय.

रबाळे_लेथ | 12 नोव्हेंबर, दुपारी 1:15

मी तो टर्नर (त्यांचा नाही, पण तसाच). एमआयडीसीत लेथ आणि 20 टनी प्रेस आहे, वर्षाला काही पंखे येतात. धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण बोलतो.

जुनं रबर काढायचं म्हणजे ड्रिल मारून किंवा जाळून. जाळताना ॲल्युमिनियम जास्त तापलं तर पंखा मऊ पडतो, कुठे थांबायचं ते हाताला माहीत असावं लागतं. नवा बुश घालायला निमुळती फनेल लागते, रबराला साबणाचं पाणी लावून एका दमात दाबायचा. अर्ध्यात थांबला की तिरका बसतो. तिरका बसला की पंखा डगमगतो आणि गिऱ्हाईक म्हणतं इंजिन हलतंय.

खरी अडचण बुशची आहे. बाजारात मिळणाऱ्या बुशचं रबर कसलं आहे ते कुणालाच माहीत नसतं. एक बुश तीन वर्षं चालतो, त्याच डब्यातला दुसरा तीन महिने. मी काम चोख करीन, रबराची हमी कशी देऊ?

कोपरीची_लेक | 12 नोव्हेंबर, रात्री 8:30

हे वाचून माझ्या बाबांची गोष्ट आठवली. ठाण्याला चेंदणी-कोपरीकडे होडी होती. बुश दोनदा सरकला, तिसऱ्यांदा बाबा वैतागले. एका कारागिराने (इथल्या लेथदादांनी रागावू नये) नळीला आरपार दोन भोकं पाडली, रबर आणि पितळेतून बोल्ट मारले आणि म्हणाला, काका आता हा तुमच्या नातवंडांना पुरेल.

पुढे वर्षभर बाबा ते सगळ्यांना अभिमानाने दाखवायचे. मग एका संध्याकाळी कळव्याच्या बाजूला पाण्यात बुडालेल्या ओंडक्यावर पंखा बसला. बोल्ट तसेच्या तसे. पंखाही बराचसा शाबूत. लोअर युनिट (इंजिनाचा खालचा, गिअरचा भाग) उघडलं तर पिनियनचे, म्हणजे छोट्या गिअरचे, दाते डाळीसारखे तळाशी. त्या खर्चात चार पंखे आले असते. बाबांनी ते दाते काचेच्या बरणीत भरून ठेवले होते. आई विचारायची, लोणचं घालायचंय का?

शांत_सुकाणू | 12 नोव्हेंबर, रात्री 9:02

बरणी जपून ठेवा, शिकवायला उपयोगी आहे.

कमकुवत दुवा मुद्दाम ठेवलेला असतो. पूर्वी छोट्या इंजिनांना शिअर पिन असायची. आपटलं की पिन तुटायची, खलाशी खिशातली दुसरी घालायचा. रबरी बुश हा त्याच पिनेचा शहाणा भाऊ. शिवाय गिअर टाकताना बसणारा झटका तो रोजच पचवतो. माझ्या मते ते काम आपटण्यापेक्षा मोठं, कारण आपटणं वर्षातून एकदा आणि गिअर दिवसातून पन्नास वेळा.

हौशी_गळ_बेलापूर | 13 नोव्हेंबर, सकाळी 7:48

मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून मी. बदलत्या हबचा पंखा तीन हंगाम वापरतोय. होडी 20 फुटी, इंजिन 60 चं फोर-स्ट्रोक.

धागालेखक, दुकानदाराने तुम्हाला अर्धवट सांगितलंय. नुसतं किट तुमच्या आत्ताच्या पंख्यात बसणार नाही. बदलत्या हबसाठी पंख्याची नळीच आतून वेगळी घडवलेली असते. म्हणजे पहिल्या वेळी पंखा अधिक किट, दोन्ही घ्यावं लागतं. पाव किमतीची मजा दुसऱ्या वेळेपासून.

प्रकार ढोबळमानाने दोन. मर्क्युरीच्या फ्लो-टॉर्क 2 मध्ये हब डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचं, बाहेरून चौकोनी. जोराचा दणका बसला की ते पिळतं, फाटतं. सोलास या तैवानी कंपनीच्या रुबेक्समध्ये बदलता भाग रबराचाच. दोन्हींना प्रेस लागत नाही. नट काढा, पंखा ओढा, जुनं काढा, नवं सरकवा, फार तर लाकडी हातोडीचे दोन ठोके.

किट निवडताना नुसतं 'चाळीस एचपी' सांगून भागत नाही. कंपनी, मॉडेल, टू की फोर-स्ट्रोक, गिअरकेसचा (खालच्या गिअरच्या पेटीचा) आकार आणि स्प्लाइनचे दाते. दाते स्वतः मोजा, फोटो काढून न्या. एक दाता इकडचा तिकडे झाला तर ते किट पेपरवेट.

आता अनुभव. दुसऱ्या हंगामात घारापुरीच्या अलीकडे बुडालेल्या दोरात सापडलो, हब गेला. सोबत किट होतं, पाना होता, छाती फुगली. इंजिन वर उचललं, मागे वाकून नट काढला. पंखा बाहेर आला आणि त्याच्यामागे शाफ्टवर बसलेली थ्रस्ट वॉशर ग्रीसवरून घसरली. डुबुक. इतका छोटा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

त्या वॉशरशिवाय पंखा पुढे सरकून गिअरकेसवर घासतो. म्हणून खिशात नवं हब असूनही दुसऱ्या होडीने ओढून आणलं. आता किटच्या डबीत जादा थ्रस्ट वॉशर, नट, दोन कोटर पिना (नट सुटू न देणाऱ्या) आणि काम करताना इंजिनाखाली धरायला कोळंबीची टोपली. टोपली हसण्यावारी नेऊ नका.

दिवाल्याचा_पोर | 13 नोव्हेंबर, सकाळी 10:11

टोपली एक नंबर 😂 आमचा बाबा बादली बांधतो.

वाचनमात्र_बंदर | 13 नोव्हेंबर, दुपारी 12:25

@हौशी_गळ, फोर-स्ट्रोकवर ते कडक प्लास्टिक आवाज करतं का? मित्राच्या होडीत आयडलवर मागून खडखड खडखड, जणू डब्यात सुपाऱ्या.

हौशी_गळ_बेलापूर | 13 नोव्हेंबर, दुपारी 3:50

करतं. कमी फेऱ्यांवर इंजिनाचे झटके सुटे सुटे येतात, रबर ते गिळतं, प्लास्टिक पुढे ढकलतं. थ्रॉटल वाढला की आवाज जातो. नुकसान नाही, पण पहाटे शांत पाण्यात डोक्यात जातो. मी म्हणून रबराचा घेतला. ज्यांना दणके जास्त बसतात ते प्लास्टिकच बरं म्हणतात, कारण ते गेलं की सरळ फाटलेलं दिसतं. रबर फसवतं, अर्धं धरतं अर्धं सोडतं.

रबाळे_लेथ | 13 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:34

अर्धं धरतं हे शंभर टक्के खरं. सरकलेला बुश घासून तापतो, वर एक्झॉस्टही त्याच नळीतून, रबराला काचेसारखी चकाकी येते. एकदा चकाकी आली की परत पकड नाही. त्यामुळे सरकल्यावर 'थोडा जोर देऊन बघू' करू नका, जो काही घरी पोचवणारा चिकटा उरलाय तोही जळेल. धागालेखक रांगत आले तेच बरोबर.

कांदळवन_निरीक्षक | 13 नोव्हेंबर, रात्री 9:15

अवांतर: पुलाच्या उत्तरेला पश्चिम काठ हे 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). गळ घेऊन तिकडे भरकटू नका, आणि बुश गेला म्हणून तिवरांच्या मुळांत होडी घुसवू नका.

ऐरोलीचा_हौशी | 13 नोव्हेंबर, रात्री 10:03

पुलाच्या दक्षिणेलाच होतो, नवी मुंबईच्या बाजूला. आणि सगळ्यांचे आभार. गिअर ऑइल बघितलं, स्वच्छ आहे. रेघेची परीक्षाही केली, धक्क्याला बांधून. रेघेचे दोन तुकडे, मध्ये तीन बोटांचं अंतर. लेथदादा, तुमच्यावर विश्वास आहे, पण रबराचं ऐकून बदलता हबच घेतोय, रबराचा. जुना पंखा दाबून जादा म्हणून ठेवीन. तो घेऊन शनिवारी येतो.

रबाळे_लेथ | 13 नोव्हेंबर, रात्री 10:20

या. चहा माझ्याकडे. दुपारी दोननंतर या, सकाळी लाइट जाते.

ऐरोलीचा_हौशी | 19 जानेवारी, रात्री 9:37

धागा वर काढतोय.

नवा पंखा चढवून सहा फेऱ्या झाल्या. जुना 11 पिचचा होता, नवाही तोच घेतला. दुकानदार 13 घ्या म्हणत होता, 'स्पीड मिळेल'. इथे विचारलं नसतं तर घेतला असता. दोन माणसं, बर्फाची पेटी आणि 18 फुटी होडी, 13 वर इंजिन फेरेच धरणार नाही असं सुकाणूकाकांनी व्यक्तिगत निरोपात समजावलं. एक इंच पिच वाढला की साधारण दीडशे-दोनशे फेरे कमी.

बसवताना एकच घोळ. स्प्लाइनला ग्रीस लावताना उत्साहात रबरालाही चोपडलं. ते सगळं पुसून काढावं लागलं. ग्रीस पितळेच्या आत, रबर कोरडं. नट आवळल्यावर कोटरचं भोक जुळेना, तेव्हा मागे न फिरवता पुढे आवळूनच जुळवलं.

आणि रेघ मारली आहे, पिवळी.

कोपरीची_लेक | 20 जानेवारी, सकाळी 8:12

पावसाळ्यात पंखा काढून पुन्हा ग्रीस लावून ठेवा, विसरू नका. आमच्याकडे बंदीच्या दोन महिन्यांत, जून-जुलैत, होडी वर ओढून ठेवलेली आणि पंखा तसाच. नारळी पौर्णिमेला काढायला गेलो तर स्प्लाइनवर पितळ जाम. दाबलेल्या बुशचा पंखा असल्याने सगळाच अडकला, शेवटी करवतीने कापावा लागला. तुमच्या प्रकारात निदान पंखा सुटेल आणि बाही तेवढी मागे राहील, ती कापली तरी पंखा वाचतो.

हौशी_गळ_बेलापूर | 20 जानेवारी, सकाळी 9:00

+1. हा फायदा दुकानात कोणी सांगत नाही. उद्या इंजिन बदललं आणि गिअरकेस त्याच मापाच्या गटातला असला तर पंखा तोच ठेवून किट बदलता येतं, तेही सांगत नाहीत.

ऐरोलीचा_हौशी | 8 मार्च, रात्री 11:14

सल्ला हवाय, जरा घाईत.

आज दिवाळ्याजवळ एक ओळखीची होडी गाळात बसली होती. पाणी उतरत होतं, त्यात त्यांची म्हातारी आई. दोर टाकला आणि माझ्या इंजिनाने रिव्हर्समध्ये ओढली, जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर, दोन-तीन मिनिटं. निघाली. घरी येताना काही जाणवलं नाही, वेग नेहमीचा.

पण सवयीने पंखा काढून पाहिला. पिवळी रेघ तुटली आहे. फार नाही, अर्धा सेंटीमीटर. जादा किट घरात आहे. मंगळवारी सुट्टी काढलीय, जाऊ की नको?

शांत_सुकाणू | 9 मार्च, सकाळी 5:50

म्हातारीला काढलंत, छान केलंत. एका दणक्यात अर्धा सेंटीमीटर सरकून तिथेच पुन्हा धरलंही असेल, तुमचा वेग तेच सांगतोय. पण लेथदादांचं ऐका, चकाकी आली असेल का ते बाहेरून दिसत नाही. तुमच्याकडे किट आहे, मग जुगार कशाला? बदला. काढलेलं हब फेकू नका, डबीत ठेवा, रांगत यायला पुरेल.

दिवाल्याचा_पोर | 9 मार्च, सकाळी 7:30

मंगलवारी या दादा, भांगाचं पानी हाय, जोर नसतो. बदलायला मी येतो मदतीला. टोपली आनतो.

ऐरोलीचा_हौशी | 9 मार्च, सकाळी 8:02

ठरलं, बदलतो. नव्या हबला रेघ मारायला पिवळा रंग संपलाय, डबी सुकली. घरात बायकोचं लाल नेलपेंट आहे. ग्रीस आणि खाऱ्या पाण्यात टिकेल का?

कोपरीची_लेक | 9 मार्च, सकाळी 8:20

टिकतं, मी तेच वापरते. आधी कडा थिनरने पुसून घ्या. आणि बाटली विचारून घ्या.